मूळ पुरुष, म्हात्रे आणि खारजमिनीचे कागद

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. राहायला ठाण्यात, मूळ गाव खाडीपलीकडे ऐरोली-बेलापूर पट्ट्यात, आडनाव म्हात्रे. आजोबा सांगायचे की आपला मूळ पुरुष बिंबराजाबरोबर (उत्तर कोकणातल्या कथांमधला राजा) आला. आता एक गृहस्थ भेटले आहेत. ते म्हणतात, शिलाहारांच्या, म्हणजे कोकणावर राज्य केलेल्या जुन्या राजघराण्याच्या, ताम्रपटात तुमचं आडनाव आहे, पैसे द्या, तिथपासूनची वंशावळ करून देतो. मध्ययुगीन जमिनीच्या कागदांतून आडनावाचा पहिला माणूस खरंच सापडतो का, आणि शोध कुठून सुरू करायचा?

पैसे देऊ नका. आता सविस्तर सांगतो.

आधी ताम्रपटांचं बघू, कारण गळ तिथेच टाकलेला आहे. ठाण्याच्या किल्ल्यात, म्हणजे आज जिथे कारागृह आहे तिथे, १७८७ मध्ये पाया खणताना शिलाहार राजा अरिकेसरी याचे ताम्रपट मिळाले. शके ९३९ चे, म्हणजे इ.स. १०१७ चे. पुढच्याच वर्षी त्याचं इंग्रजी भाषांतर छापलं गेलं, म्हणजे भारतातल्या कोरीव लेखांच्या अभ्यासाच्या अगदी सुरुवातीच्या लेखांपैकी हा एक. त्यात दान घेणाऱ्याचं नाव तिक्कपैय. मंत्री, अधिकारी यांचीही नावं -पैय, -ऐय अशा कानडी वळणाची. आडनाव कोणालाच नाही. शिलाहारांचे असे सगळे लेख वासुदेव विष्णु मिराशींनी संपादित केलेल्या खंडात १९७७ मध्ये एकत्र छापले आहेत. मोठ्या ग्रंथालयात बसून चाळा. दान घेणारा ओळखला जातो तो बापाच्या नावाने, गोत्राने, वेदशाखेने आणि कुठून आला त्या गावाने. शेत ओळखलं जातं ते चतुःसीमेने. पूर्वेला ओढा, दक्षिणेला अमुक गावाची शीव, असं. शेतात प्रत्यक्ष राबणाऱ्याचं नाव येणं हा अपवाद.

मग 'म्हात्रे' कुठून निघालं? गृहस्थांनी बहुधा 'महत्तर' हा शब्द दाखवला असेल. राष्ट्रकूटांच्या दानपत्रांत राजा ज्यांना उद्देशून आज्ञा देतो त्या यादीत विषयपती, ग्रामकूट यांच्यासोबत महत्तर येतात. महत्तर म्हणजे गावातले वडीलधारे, मानकरी. त्याचंच पुढे म्हातारा, म्हात्रे झालं हे बरोबर. पण तो हुद्दा होता आणि तो गावोगाव होता. ताम्रपटातला महत्तर तुमचा पूर्वज ठरतो या न्यायाने आज राज्यातले सगळे सरपंच एकमेकांचे भाऊबंद ठरतील. पाटील, चौधरी, नाईक, तांडेल, देशमुख, कुलकर्णी या सगळ्या आडनावांचं हेच. 'पाटील आडनावाचा मूळ पुरुष' हा शोध सुरू होण्याआधीच चुकलेला असतो.

याहून गोंधळाची गोष्ट म्हणजे हे हुद्दे वतनी, म्हणजे वंशपरंपरेने चालणारे, होते आणि वतन विकता येत असे. मराठेशाहीतली खरेदीखतं वाचायला घेतलीत की निमे पाटीलकी विकल्याचे कागद भरपूर दिसतात. दुष्काळ पडला, सरकारची बाकी थकली, कर्ज डोक्यावर बसलं, की पाटील अर्धी पाटीलकी दुसऱ्याला विकायचा. मग मानपान वाटून घ्यायचे. होळीची पहिली पोळी कोणाची, शिराळशेटीच्या सणाचा मान कोणाचा, कागदावर सहीऐवजी नांगराची निशाणी आधी कोणाची, हे सगळं खतात लिहिलं जाई. घेणारा विकणाऱ्याचा जणू भाऊ होई. दोन पिढ्यांनी दोन्ही घरं 'पाटील', आणि चार पिढ्यांनी दोन्ही घरं शपथेवर सांगणार की आम्ही एकाच रक्ताचे. म्हणून जुन्या कागदात नुसतं आडनाव जुळलं की मी त्याला पुरावा मानत नाही.

माझ्याकडे मोडी वाचून घ्यायला येणाऱ्यांना मी एकच सांगतो: आडनावाचा माग काढू नका, हक्काचा काढा. कुठल्या गावात, कुठल्या जमिनीवर, कुठल्या नात्याने तुमचं घर बसलं होतं? मिरास (वंशपरंपरागत मालकीची जमीन) होती, वतन होतं, खाराचा (खाडी अडवून केलेल्या जमिनीचा) बांध राखायचा हक्क होता, की कूळ म्हणून कसत होते? हा हक्क बापाकडून मुलाकडे जाताना प्रत्येक वेळी कुठेतरी कागद झालेला असतो, निदान व्हायला हवा असतो. आडनाव बदलतं, लिहिणारा कारकून ते गाळतो, नवं चिकटवतो. हक्क मात्र फुकट कोणी सोडत नाही, त्यामुळे त्याचा माग जास्त टिकतो.

हा माग नेहमी आजपासून मागे काढायचा. वरून खाली यायला लागलात की वाटेत लागणारा प्रत्येक म्हात्रे आपलाच वाटतो.

तुमच्या पट्ट्यात सुरुवातीची पायरी फार चांगली आहे आणि बहुतेक लोक ती सोडून देतात. सिडको स्थापन झाली १९७० मध्ये, आणि नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन घेतली गेली. जमीन गेली, पण जाताना तिचे कागद झाले. भूसंपादनाचे निवाडे, मोबदल्याचे तक्ते, हरकती. पुढे जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जासईचं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या लढ्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन परत देण्याची योजना आली. या योजनेसाठी घराघरातून वारस दाखले काढावे लागले. लग्न होऊन गेलेल्या आत्या, निपुत्रिक वारलेले चुलते, मुंबईला गिरणीत जाऊन राहिलेली शाखा, सगळ्यांची नावं त्यात आली, कारण हिस्सा होता. भांडणं झाली तशी वंशावळही पक्की झाली. घरातल्या ट्रंकेत साडेबारा टक्क्यांची फाइल असेल तर आधी ती काढा. आजोबा, पणजोबा आणि त्यांचे भाऊ इतकं तर तिथेच मिळेल, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे जुने सर्व्हे नंबर मिळतील. आज त्या नंबरावर सेक्टर आणि भूखंड क्रमांक बसले आहेत, पण पुढचा सगळा शोध जुन्या नंबरावरच चालतो.

नंबर हातात आला की फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी. सातबारावर गोलात लिहिलेले आकडे म्हणजे फेरफार नोंदींचे क्रमांक. एकेक नोंद काढत मागे जायचं. वारस नोंद, वाटणी, खरेदी, गहाण. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा, म्हणून ही साखळी साधारण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांपर्यंत जाते. ठाणे जिल्ह्याचे बरेच जुने अभिलेख 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेले आहेत. तिथे नसेल ते तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मागायचं.

या साखळीत एक मोठी खिंड आहे, तिथे सांभाळा. १ एप्रिल १९५७, कृषक दिन. कूळकायद्याने त्या दिवशी कसणारं कूळ जमिनीचं मालक मानलं गेलं. फेरफारात त्या कायद्याच्या ३२-ग कलमाचा उल्लेख दिसला की समजा, तुमचं घर त्या दिवशी मालक झालं. त्याआधीच्या नोंदीत मालक म्हणून जो दिसेल तो सावकार असेल, खोत असेल, इनामदार असेल. तुमचा पूर्वज इतर हक्कांच्या रकान्यात कूळ म्हणून असेल तर असेल. लोक घाईघाईने मालकाच्या रकान्यातलं नाव धरून मागे जातात आणि दुसऱ्याच घराची वंशावळ करून मोकळे होतात. १९५७ च्या अलीकडे मालकाचा रकाना वाचायचा, पलीकडे कुळाचा. पीकपाहणीच्या पानावर कसणाऱ्याचं नाव मिळतं, ते पान सोडू नका. खोतीच्या गावांत तर कुळाचं नाव लागू नये याचीच काळजी घेतली जाई. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात १९३३ पासून काही वर्षं चाललेला चरीचा शेतकरी संप उगाच झाला नाही.

याला समांतर गाव नमुना १४, ज्याला कोतवाल बुक म्हणतात. जन्ममृत्यूच्या नोंदी. त्यात बापाचं नाव, जात, गाव. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली तेव्हा हीच बाडं तालुक्यातालुक्यांत बाहेर निघाली, धूळ झटकली गेली, स्कॅन झाली. जातीच्या दाखल्यासाठी झालेलं ते काम वंशावळ शोधणाऱ्यांना आयतं मिळालं. त्यातला बराच भाग मोडीत आहे. पुराभिलेख संचालनालय मोडीची परीक्षा घेतं, ठाण्यातही वर्ग चालतात. नावं आणि आकडे वाचण्यापुरती मोडी मन लावलंत तर येते. दुसऱ्याकडून वाचून घेतलंत तरी नावापुरतं स्वतः पडताळा.

त्यामागचा टप्पा मूळ मोजणीचा. ठाण्याच्या भागात ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर झाली. तालुका भूमी अभिलेख कार्यालयात टिपण बुक, गुणाकार बुक, आकारबंद, शेतवार पत्रक अशी मोजणीची कागदपत्रं मिळतात. शेतवार पत्रकात नंबरापुढे कब्जेदार लिहिलेला असतो. पनवेल-उरणकडचं गाव असेल तर एक लक्षात ठेवा. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये पनवेल हे ठाणे जिल्ह्यातच आहे, त्यानंतर ते कुलाब्यात गेलं. म्हणून आधीचे कागद ठाण्याच्या नावाखाली आणि नंतरचे अलिबागेत, असं होऊ शकतं. 'रेकॉर्ड नाही' असं उत्तर मिळालं की बऱ्याचदा आपण चुकीच्या जिल्ह्यात विचारलेलं असतं.

इथपर्यंत चिकाटीने काम केलं तर बहुतेक घरं पोचतात. म्हणजे सहा-सात पिढ्या. मध्ययुग अजून लांब आहे.

१८१८ च्या आधीचं, म्हणजे पेशवाईतलं, शोधायचं तर पुण्याचं पुराभिलेखागार. पेशवे दफ्तर तिथे रुमालांत बांधलेलं आहे आणि त्यात प्रांत कल्याण-भिवंडी, साष्टी यांचे हिशेब, ताळेबंद, झाडे (तपशीलवार याद्या), वतनाचे निवाडे आहेत. इंग्रजांनी इनामं तपासायला नेमलेल्या इनाम कमिशनसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात वतनदारांनी आणून दिलेल्या कैफियती (लेखी निवेदनं) आणि जुन्या सनदांच्या नकलाही त्यातच. मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात कंपनी सरकारचा महसुली पत्रव्यवहार. तिथे जाताना 'म्हात्रे' असं नाव घेऊन जाऊ नका. गावाचं नाव, तर्फ आणि परगणा (त्या काळचे महसुली विभाग) घेऊन जा. गॅझेटियरच्या काळातला तालुका आणि पेशवाईतली तर्फ वेगळी असू शकते, म्हणून गावाची जुनी तर्फ आधी ठरवावी लागते.

या कागदांत माणूस 'रामा बिन धर्मा' असा येतो. बिन म्हणजे मुलगा. वलदही दिसेल, अर्थ तोच. पुढे हुद्दा: पाटील, म्हातारा, मोकदम. आडनाव असलं तर असलं. आमच्याकडे नातवाला आजोबाचं नाव ठेवायची पद्धत, म्हणून रामा बिन धर्मा आणि धर्मा बिन रामा हे आलटून पालटून शंभर वर्षं चालू राहतात. कोणता रामा हे कळायला साल लागतं, आणि सालाची वेगळीच कसरत आहे. कागदावर शक असेल तर ७८ मिळवा. फसली असेल तर ५९० किंवा ५९१. सुहूर सन असेल तर ५९९ किंवा ६००, आणि हे साल मृगापासून मृगापर्यंत चालतं. ते बहुतेकदा अरबी शब्दांत लिहिलेलं असतं. 'सन इहिदे खमसैन मया व अलफ' म्हणजे एक, पन्नास, शंभर आणि हजार: ११५१. म्हणजे १७५०-५१. हा शब्दच माणसाचं नाव समजून वंशावळीत घातलेला मी पाहिला आहे. 'अलफखान' नावाचा एक पूर्वज त्या घराने बरीच वर्षं जपला होता.

जमिनीच्या कागदांत सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात फसवा प्रकार म्हणजे थळझाडा. देशावरच्या, विशेषतः पुणे-सातारा भागातल्या गावांत शेतजमीन थळांत विभागलेली असे आणि थळाला मूळ मिरासदार घराण्याचं नाव असे. थळझाड्यात असं लिहिलेलं सापडतं की अमक्याचं थळ, त्यात सध्या तमका वाहतो. घराणं निर्वंश झालं किंवा परागंदा झालं तरी थळाचं नाव तेच राहायचं, आणि ती जमीन 'गतकूळ' म्हणून दुसऱ्याला दिली जायची. म्हणजे कागदावर 'थळ जाधव' असेल तर जाधव तिथे कधीकाळी होते एवढंच सिद्ध होतं. आज त्या गावात राहणारे जाधव त्यांचेच वंशज असतील, किंवा १६३० च्या भयंकर दुष्काळात गाव ओस पडल्यावर कौल घेऊन नव्याने बसलेल्या दुसऱ्याच कोणाचे असतील. गाव पुन्हा वसवायचं तर सरकार कौलनामा देई, पहिली वर्षं सारा कमी, पुढे चढता. कौलनामा सापडला तर सोनं. त्यात घराण्याचा त्या गावातला पहिला माणूस खरोखर नावानिशी दिसतो. बहुतेकांच्या बाबतीत 'मूळ पुरुष' म्हणजे असा कौल घेऊन आलेला कोणीतरी गरजू माणूस असतो. राजाबरोबर घोड्यावरून आलेला सरदार क्वचितच.

कोकणात थळाऐवजी शब्द निराळे. तुमच्या पट्ट्यात मुख्य जमीन भाताची आणि खाराची. खाडीचं पाणी बांध घालून अडवायचं, जमीन गोडी करायची आणि मग भात घ्यायचं. अशा उठवलेल्या खाजणाला गॅझेटियरमध्ये शिलोत्री जमीन म्हटलं आहे, आणि बांध राखणारा तो शिलोत्रीदार. बाहेरचा मोठा बांध एकट्याने राखता येत नाही. म्हणून खाराची वहिवाट सामाईक, आणि ती कोणी किती दिवस बांधावर खपायचं यावर ठरलेली. आगरी घरांच्या दृष्टीने मला हा धागा वतनापेक्षा आश्वासक वाटतो. खाराला नावं असतात, आणि ती नावं पेशवाईच्या कागदात, इंग्रजी मोजणीत आणि सिडकोच्या निवाड्यातही तीच राहिलेली आढळतात. तुमच्या गावच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, आपला खार कोणता, उघाडी (बांधातलं पाणी सोडायचं दार) कुठे होती, फुटल्यावर बांध कोण कोण घालायचं. त्या नावांची यादी सातबाराशी ताडून बघा. बांधावर एकत्र खपणारी घरं बऱ्याचदा एका खोडाची निघतात, आणि नाही निघाली तरी कोणाची जमीन कोणाशेजारी हे कळतं. सूतक कोणाकोणाचं धरता हेही विचारून ठेवा. आडनाव एक पण सूतक नाही, अशी दोन घरं एकाच आळीत असतात. सूतक आहे पण आडनाव वेगळं, अशीही असतात, आणि शोध तिथेच पुढे सरकतो. कुलदैवताचा मात्र इथे फारसा उपयोग नाही. एकवीरेला अख्खा पट्टाच जातो.

आता पोर्तुगीज काळ. साष्टी बेट, म्हणजे ठाणे शहर ज्यावर आहे ते, १५३४ च्या तहाने गुजरातच्या बहादूरशहाकडून वसईबरोबर पोर्तुगिजांकडे गेलं आणि १७३७ मध्ये ठाणं, १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी घेईपर्यंत त्यांच्याकडेच होतं. खाडीपलीकडचा तुमचा किनारा कल्याण-पनवेलच्या बाजूचा, तिथे अंमल बदलत राहिला: निजामशाही, विजापूर, १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराज, मध्येच मोगल. म्हणून ठाण्याच्या म्हात्रेंचे जुने कागद आणि घणसोली-तुर्भेच्या म्हात्रेंचे जुने कागद एकाच दफ्तरात मिळतीलच असं नाही, मध्ये खाडी एवढीशी असली तरी.

पोर्तुगिजांनी मालमत्तेची नोंद चांगली ठेवली. सिमाओ बोतेल्यु या अधिकाऱ्याने १५५४ मध्ये केलेलं तोंबु म्हणजे महसुलाची आणि हक्कांची वही. ती १८६८ मध्ये लिस्बनला छापली गेली. त्यात वसई प्रांतातल्या गावांचं उत्पन्न आहे, कोणतं गाव कोणत्या पोर्तुगिजाला फोरोवर (ठरावीक वार्षिक खंडावर) दिलं ते आहे. गाव मिळे ते सैन्यातल्या चाकरीबद्दल, ठरावीक पिढ्यांपुरतं. आणि शेतकरी? ते 'कुरुंबीं' म्हणून येतात, म्हणजे कुणबी, गावासोबतच दिलेले. नावानिशी फारच थोडे. पणजीच्या पुराभिलेखागारात पुढचं बरंच साहित्य आहे, पण जुनं पोर्तुगीज हस्ताक्षर आणि भाषा दोन्ही शिकल्याशिवाय तिथे बसून उपयोग नाही.

यात एका समाजाचं मात्र वेगळं आहे. ठाण्यातल्या, उत्तनच्या, वसईच्या ईस्ट इंडियन (इथल्याच मूळच्या ख्रिस्ती) घरांना बाप्तिस्म्याबरोबर पोर्तुगीज आडनावं मिळाली. चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, लग्न, दफन लिहिलेलं असतं, आणि जिथे त्या वह्या टिकल्या तिथे त्यांची साखळी हिंदू घरांपेक्षा लांब जाऊ शकते. पण परेरा आडनावाचा मूळ पुरुष शोधत पोर्तुगालला जाण्यात अर्थ नाही. जमिनीचा माग काढला की काही ठिकाणी तो शेजारच्या हिंदू घराच्याच शेताशी येऊन थांबतो. दोन्ही घरांना हे बहुधा ठाऊक असतं. लग्नात मान देण्याघेण्यावरून कळतं.

आजोबांच्या बिंबराजाबद्दल. ही कथा आजोबांची एकट्याची नाही, उत्तर कोकणातल्या कितीतरी ज्ञातींची आहे, आणि ती मुख्यतः 'महिकावतीची बखर' या बाडातून आली. वि. का. राजवाड्यांनी ते १९२४ मध्ये छापलं. एका काळी एकाने लिहिलेलं ते पुस्तक नाही. त्यातला जुना भाग शके १३७० चा, म्हणजे १४४८ चा, बाकीची प्रकरणं पुढच्या काळात जोडलेली. बिंबही एक नाही. एका ठिकाणी चांपानेरकडून आलेला प्रताप बिंब, बाराव्या शतकातला. दुसरीकडे देवगिरीच्या रामदेवराव यादवाचा मुलगा बिंबदेव, अल्लाउद्दीन खिलजीच्या १२९६ च्या स्वारीनंतर कोकणात उतरलेला. दोघांची गोष्ट एकमेकांत मिसळली आहे. बिंबाबरोबर आलेल्या कुळांच्या याद्या, गावांच्या वाटण्या हे सगळं त्यात आहे, आणि म्हणूनच वंशावळ बनवून विकणाऱ्यांचं ते आवडतं पुस्तक. राजवाड्यांची प्रस्तावना वाचाच, त्यातली मतं पटोत न पटोत. पण बखरीतल्या यादीत आपलं कूळ दिसणं म्हणजे ती यादी लिहिली तेव्हा असं मानत होते, एवढंच. वतनाचं भांडण उभं राहिलं की जुनी सनद, जुनी यादी 'सापडायची'. मराठेशाहीतल्या निवाड्यांत बनावट कागदाचे आरोप जागोजाग आहेत. पंच शिक्के बघत, हस्ताक्षर बघत, आणि तरी निवाडा होईना तर दिव्य करायला लावत. त्या काळच्या लोकांनी ज्यावर संशय घेतला त्यावर आपण डोळे मिटून विश्वास ठेवायचं कारण नाही.

साधा हिशेब करा. आजपासून १०१७ पर्यंत हजाराहून जास्त वर्षं. पिढी अठ्ठावीस वर्षांची धरली तर छत्तीस पिढ्या. छत्तीस ठिकाणी बाप-मुलगा जोडणारा कागद हवा. शेतकरी घरात पेशवाईपर्यंत अखंड साखळी लागली तर मी ती उत्तम समजतो. वतनदार घरात सतराव्या शतकापर्यंत जाते, महजर सापडला तर. महजर म्हणजे गोतसभेपुढे झालेल्या निवाड्याचा कागद, आणि त्यात वादी-प्रतिवादी दोघंही आपापले चार-पाच पूर्वज सांगतात. खाली गावच्या लोकांच्या निशाण्या, कुणब्यांचा नांगर, वाण्याचा तराजू. असा एक कागद शंभर वर्षं मागे नेतो. फक्त हे विसरायचं नाही की सांगणारा वतन वाचवायला सांगतो आहे. दोन्ही पक्षांना मान्य असलेली नावं पक्की धरायची, एकानेच सांगितलेली कच्ची.

दोन कागदांतला माणूस एकच आहे हे मी केव्हा मानतो? गाव तेच, जमीन किंवा हक्क तोच, आणि निदान दोन नावांची जोडी जुळते, बापासकट. तीनपैकी दोनच जुळलं तर वंशावळीत तुटक रेघ काढतो आणि रेघेवर कागदाचा दाखला लिहितो: कुठलं दफ्तर, रुमाल, पुडकं. काहीच जुळलं नाही आणि घरात मात्र कथा आहे, तर कथा शेजारी वेगळी लिहितो, सांगणाऱ्याचं नाव आणि साल घालून. आजोबांची गोष्ट अशीच लिहून ठेवा. तिचं मोल कागदाने ठरत नाही, पण तिला कागदाच्या रांगेतही बसवू नका.

अधलंमधलं भोक भरायला नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या बघता येतात. पूर्वज सिंहस्थाला किंवा श्राद्धाला गेले असतील तर उपाध्याय गाव आणि ज्ञात विचारून वही काढतो. त्यात एका वेळी तीन पिढ्या मिळतात, आणि लिहिताना वतनाचा स्वार्थ नसल्यामुळे माझा त्यावर जास्त भरवसा आहे. मात्र जाताना निदान पणजोबांपर्यंतची खात्रीची नावं सोबत हवीत, नाहीतर वहीतली कुठली शाखा तुमची हे कळणार नाही.

त्या गृहस्थांना हवं तर एक विचारून बघा: ताम्रपट कोणाचा, शक कोणता, कुठे छापला आहे, आणि त्यातली ओळ दाखवा. छापलेला ताम्रपट असेल तर ओळ तुम्हीही वाचू शकता. छापलेला नाही, 'खासगी संग्रहात आहे' असं उत्तर आलं तर बोलणं तिथेच थांबवा.

आता लगेच करण्यासारखं काम एवढंच. निवाड्याची प्रत घरात नसेल तर भूसंपादन कार्यालयाकडे अर्ज करा. अर्जात आजोबांचं नाव, गाव आणि जुना सर्व्हे नंबर हिस्सा नंबरासकट लिहा. नंबर माहीत नसेल तर शेजारच्या शेतवाल्याच्या फाइलीतला त्याचा नंबर घ्या, गावनकाशावर तो शोधा आणि त्याला लागून असलेले सगळे नंबर अर्जात टाका.